वाचले तेव्हा कळले होते

"काकू, वाचतो तेव्हा सगळं कळतं. पेपर समोर आला की कुठे जातं तेच समजत नाही."

गेल्या जूनमध्ये करंजाड्याच्या आमच्या इमारतीतला एक मुलगा मला हे सांगत होता. त्याची दहावी नुकतीच सुरू झाली होती आणि हातात नववीची विज्ञानाची उत्तरपत्रिका होती. चाळीसपैकी नऊ गुण. मी ती चाळली. गोलीय आरशांच्या प्रश्नात त्याने दोन्ही किरणाकृती काढल्या होत्या. किरण बरोबर, नाभी बरोबर, प्रतिमेची जागाही बरोबर. फक्त अंतर्वक्र आरशाच्या आकृतीखाली बहिर्वक्र आणि बहिर्वक्राच्या आकृतीखाली अंतर्वक्र असे लिहिले होते. पुढच्या पाच ओळींच्या उत्तरातल्या तीन ओळी वाचता येत नव्हत्या. शेवटचे दोन प्रश्न कोरे होते.

या मुलाला अध्ययन अक्षमता आहे. आठवीत असताना त्याला तसे प्रमाणपत्र मिळाले. त्यासाठी आईने कामावर खाडे करून, हार्बरची गाडी पकडून, मुंबईच्या रुग्णालयात कितीतरी खेपा घातल्या. प्रमाणपत्र हातात आले तेव्हा घरच्यांना वाटले, आता सुटलो. वेळ वाढवून मिळेल, लेखनिक मिळेल. पण त्या वाढीव वेळेत लिहायचे काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

"अभ्यास करतोस म्हणजे नेमकं काय करतोस?" मी विचारले.

"वाचतो."

"मग?"

"परत वाचतो."

रात्री एक वाजेपर्यंत तो वाचत बसायचा. वाचन हीच ज्याची अडचण, त्याला आपण सर्वांनी मिळून अभ्यास म्हणून वाचनच नेमून दिले होते. पाय मुरगळलेल्याला 'रोज दोन मैल जास्त चालत जा' म्हणावे, तसे हे झाले.

मी शिक्षणशास्त्राची अभ्यासक नाही, प्रयोगशाळेत काम करणारी आहे. त्यामुळे सवयीप्रमाणे पहिले काम केले ते शोधनिबंध वाचण्याचे. स्मरणशक्तीवर गेली सव्वाशे-दीडशे वर्षे प्रयोग होत आहेत. त्यांतून हाती आलेले काय, आणि त्यातले या मुलाच्या उपयोगाचे किती, हे पाहायचे होते.

अडचण नेमकी कोठे असते?

१८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लंडमधील डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चुणचुणीत होता, खेळात मागे नव्हता, अंकगणित बऱ्यापैकी करी. पण वर्षानुवर्षे शिकवूनही त्याला वाचता येत नव्हते. डोळे निर्दोष होते. त्या निबंधातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी नोंद डॉक्टरांची नाही, त्या मुलाच्या शिक्षकाची आहे. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्या गुरुजींचे मत होते. उपाय कोणत्या दिशेने शोधायचा हे एका शाळामास्तराच्या ध्यानात सव्वाशे वर्षांपूर्वी आले होते!

'अध्ययन अक्षमता' हे नाव बरेच नंतरचे. अमेरिकेत सॅम्युअल कर्क यांनी १९६३ मध्ये ते रूढ केले. बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली, डोळे-कान ठीक, शाळेत शिकवलेही जाते. तरी वाचन, लेखन किंवा गणित यांतली एखादी गोष्ट वयाच्या मानाने फार मागे राहते, तेव्हा हे नाव दिले जाते. बहुतेक मुलांत अडचण बोललेल्या शब्दातले ध्वनी सुटे करण्याची आणि ते अक्षरांशी झटपट जोडण्याची असते. दृष्टीचा यात दोष नाही.

आपल्या देवनागरीत उच्चार आणि लेखन यांचा मेळ बराच चांगला आहे, म्हणून मराठी मुलांना हा त्रास होत नसेल असे काहींना वाटते. तसे नाही. 'कि' उच्चारताना आधी क् येतो आणि मग इ. लिहिताना मात्र वेलांटी आधी. उकार खाली, मात्रा वर, काना पुढे. एकट्या 'र'ची रूपे पाहा: अर्थ, चक्र, राष्ट्र, दऱ्या. ध-घ, भ-म, थ-य या जोड्यांत फरक केवळ एका गाठीचा किंवा रेघेचा. सवयीच्या वाचकाच्या हे ध्यानातही येत नाही. आमच्या या मुलाला प्रत्येक जोडाक्षराशी थांबावे लागते, आणि ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत ओळीची सुरुवात विसरलेली असते.

येथे थोडे थांबून एक इशारा द्यायला हवा. पनवेल-उरण भागात आगरी बोली बोलणारी मुले पुष्कळ आहेत. विमानतळासाठी ज्यांना गावे सोडावी लागली त्यांतली अनेक कुटुंबे आता करंजाडे-वडघर परिसरात राहतात. आगरीत ण आणि ळ यांच्या जागी न आणि ल येतात, पुष्कळ शब्दांत ड चा र होतो. असे मूल 'पाणी' हा शब्द 'पानी' आणि 'गाडी' हा शब्द 'गारी' असा लिहील, तर ती अक्षमता नाही. ते आपल्या कानाशी प्रामाणिक आहे, इतकेच. याउलट जे मूल आज 'पाणी', उद्या 'पणी' आणि परवा 'पीणा' लिहिते, ज्याच्या चुकांना काही नियमच सापडत नाही, त्याच्याकडे अधिक लक्ष द्यावे. निदान तज्ज्ञांनीच करायचे असते. पण तज्ज्ञाकडे पाठवायचे कोणाला हे वर्गातला शिक्षक ठरवतो, आणि बोलीला रोग समजण्याची चूक आपल्याकडे फार सहज होते.

आता एक गोष्ट करून पाहा. शिक्षकांच्या बैठकीत प्रत्येकाने कागद घ्यावा आणि आपल्या नेहमीच्या हाताने न लिहिता दुसऱ्या हाताने, शुद्धलेखन सांभाळून, एक परिच्छेद फळ्यावरून उतरवून काढावा. त्याच वेळी एकाने वर्तमानपत्रातली अपरिचित बातमी मोठ्याने वाचावी. पाच मिनिटांनी सर्वांना बातमीवर पाच प्रश्न विचारावेत. बहुतेकांना दोनही येणार नाहीत. बातमी कठीण नव्हती आणि तुमची बुद्धीही पाच मिनिटांत कमी झाली नाही. एका वेळी मनात धरून ठेवण्याची जागा फार लहान असते; ती सगळी हाताने खाल्ली. १९५६ साली जॉर्ज मिलर यांनी या जागेची मर्यादा साधारण सात गोष्टी इतकी मानली होती. २००१ मध्ये नेल्सन कोवान यांनी ती चारच्या आसपास असल्याचे दाखवले. वाचन-लेखन सवयीचे झालेले नसेल तर चारातल्या तीन जागा अक्षरांनाच लागतात. आशयासाठी उरते एक.

म्हणून पहिले पाऊल ठरले: शिकणे आणि वाचणे यांची फारकत. वाचनाचा सराव वेगळा करायचा, दिवसातून वीस मिनिटे, सोप्या मजकुरावर. विज्ञान आणि इतिहास मात्र कानाने शिकायचे. त्याच्या आईने आणि बहिणीने मिळून धडे वाचून मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले. एकेक तुकडा चार-पाच मिनिटांचा, त्याहून मोठा नाही. ऐकताना पुस्तक उघडे, बोट ओळीवर. फार काही खर्च आला नाही.

वाचणे आणि आठवणे

पण ऐकणेही शेवटी आत घालणेच. परीक्षेत लागते ते बाहेर काढणे.

२००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी अमेरिकेतील सेंट लुईस येथे एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काही जणांनी तो पुन्हा वाचला. काहींनी न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांना ८१ टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ७५ टक्के. म्हणजे वाचणे बरे! पण आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा चित्र उलटले. पुन्हा वाचणाऱ्यांकडे ४२ टक्के उरले होते, आठवून लिहिणाऱ्यांकडे ५६ टक्के.

'वाचतो तेव्हा सगळं कळतं' या वाक्याचा उलगडा येथे होतो. दुसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचे वाटणे म्हणजे येणे, असा आपला समज होतो. रस्त्यात भेटलेल्या माणसाचा चेहरा ओळखीचा असतो पण नाव आठवत नाही, तसेच हे. पुस्तक बंद करून आठवण्याची धडपड केली की ती वाट मळते. न आठवले तरी पुढे लगेच बरोबर उत्तर पाहायला मिळाले तर त्या धडपडीचा उपयोग होतोच.

जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा प्रचलित रीती तपासून पाहिल्या. भरवशाच्या म्हणून दोनच निघाल्या: स्वतःची परीक्षा घेत राहणे आणि अभ्यास थोड्या थोड्या अंतराने विभागून करणे. पुन्हा वाचणे, ओळींखाली रेघा मारणे, सारांश लिहिणे यांची उपयुक्तता कमी ठरली. आपल्या शाळांतून सर्वांत जास्त काय करून घेतले जाते ते सांगायला नको.

मला येथे एक कबुली द्यायला हवी. यांतले बहुतेक प्रयोग महाविद्यालयातल्या, चांगले वाचता येणाऱ्या मुलांवर झालेले आहेत. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांवर झालेले काम त्या मानाने थोडे आहे. तेव्हा जे तिथे सिद्ध झाले ते इथे लागू पडेलच असे गृहीत धरता येत नाही. करून, मोजून पाहावे लागते. शिवाय रीत तीच असली तरी रूप बदलावे लागते. 'आठवून लिही' म्हटले की हा मुलगा पुन्हा लेखनात अडकणार. म्हणून आम्ही 'आठवून सांग' असे केले.

पद्धत अशी बसली. संध्याकाळी एक तुकडा ऐकायचा. मोबाइल बंद. मग आईला, बहिणीला, कोणी नसेल तर भिंतीला तो सांगायचा. नंतर परत ऐकून काय सुटले ते पाहायचे. सुटलेल्या गोष्टींच्या पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्या करायच्या: एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला चित्र किंवा दोन शब्द. चिठ्ठ्या बुटांच्या तीन रिकाम्या खोक्यांत. पहिल्या खोक्यातल्या रोज विचारायच्या, दुसऱ्यातल्या दर तीन दिवसांनी, तिसऱ्यातल्या दर आठवड्याला. उत्तर आले की चिठ्ठी पुढच्या खोक्यात, चुकले की पुन्हा पहिल्यात. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवले होते की विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो आणि मग मंदावतो. अंतरे वाढवत नेण्यामागचे कारण तेच. त्याच्या आजीला वाचता येत नाही. पण चित्राची बाजू स्वतःकडे ठेवून, प्रश्न त्याच्याकडूनच वाचून घेऊन, ती त्याची परीक्षा घेऊ लागली आणि या कामात ती आम्हा सर्वांपेक्षा कडक निघाली.

तास मोजणे बंद केले. 'आज किती वेळ बसलास?' असे विचारायचे नाही, 'आज किती वेळा आठवून सांगितलंस?' असे विचारायचे. रात्री साडेदहाला दिवा बंद. पहिल्या आठवड्यात आईला हे पटेना, कारण बसलेला मुलगा दिसतो, आठवणारा दिसत नाही. झोपेत दिवसभराच्या स्मृती पक्क्या होतात आणि जागून केलेला अभ्यास त्याच झोपेतून वजा होतो, हे मी समजावून सांगितले. तिने हो म्हटले, पण विश्वास बसला तो सहामाहीनंतरच.

हा प्रयोग आपल्या वर्गात करून पाहण्यासारखा आहे. वर्गाचे दोन गट करावेत. दहा ओळींचा उतारा एका गटाने तीनदा वाचावा. दुसऱ्याने एकदा वाचून दोनदा न पाहता सांगावा. आठवड्याने सर्वांची न कळवता चाचणी घ्यावी. पुढच्या आठवड्यात दुसरा उतारा घेऊन गटांची अदलाबदल करावी, म्हणजे 'तो गट मुळातच हुशार होता' ही शंका उरत नाही. मुलांना निकाल स्वतः फळ्यावर मांडू द्यावा. उपदेशाने जे होत नाही ते अशा एका तक्त्याने होते.

सारख्या दिसणाऱ्या शब्दांचे संकट

आता त्या उलट्यापालट्या नावांकडे वळू. आपली शास्त्रीय परिभाषा संस्कृतावर बांधलेली असल्याने तिच्यात अर्थ उघड असतो, हा तिचा गुण. पण त्याच कारणाने शब्द एकमेकांसारखे दिसतात: परावर्तन-अपवर्तन, अंतर्वक्र-बहिर्वक्र, समसूत्री-अर्धसूत्री. शब्दाचे शेपूट तेच, फरक पहिल्या दोन अक्षरांत. अडखळत वाचणारा मुलगा शेपूट ओळखतो आणि डोके अंदाजाने लावतो.

अमेरिकेत मार्गो मास्ट्रोपिएरी आणि थॉमस स्क्रग्ज यांनी १९८० च्या दशकापासून अशाच मुलांबरोबर काम करून दाखवले आहे की नवा शब्द एखाद्या परिचित शब्दाला आणि ठसठशीत चित्राला बांधला तर तो पुष्कळ चांगला लक्षात राहतो. अध्ययन अक्षमतेच्या क्षेत्रात ज्या थोड्या गोष्टी प्रयोगांनी नीट सिद्ध झाल्या आहेत त्यांतली ही एक. आम्ही मराठीतली चित्रे शोधली. 'बहिर्' म्हणजे बाहेर: फुगून बाहेर आलेली पुरी. 'अंतर्' म्हणजे आत: आमटीची वाटी. परावर्तनातला 'परा' म्हणजे मागे. भिंतीवर आपटून परत येणारा चेंडू. अपवर्तनातला 'अप' म्हणजे दूर, बाजूला. डांबरी रस्त्यावरून वाळूत शिरताना तिरकी वळणारी हातगाडी. या शेवटच्या चित्रात तर कारणही आले आहे, कारण एक चाक आधी मंदावते म्हणून गाडी वळते.

बहिर्वक्र भिंगासाठी त्याच्या हातात मसुराचा अख्खा दाणा ठेवला. मध्ये जाड, कडेला पातळ. भिंगाला इंग्रजीत लेन्स म्हणतात, आणि तो शब्द लॅटिनमधल्या मसूर या अर्थाच्या शब्दावरून आला आहे, हे ऐकून त्याला फार मजा वाटली. तो दाणा अजून त्याच्या कंपासपेटीत आहे.

एक गोष्ट मात्र शिक्षकांनी टाळावी. 'हा दृश्य पद्धतीने शिकणारा, तो श्रवण पद्धतीने शिकणारा' असे शिक्के मारण्याची पद्धत प्रशिक्षण वर्गांतून पसरली आहे. २००८ मध्ये हॅरल्ड पॅश्लर आणि इतरांनी या कल्पनेचा पुरावा तपासला. अशा शैलीनुसार शिकवल्याने मुले अधिक शिकतात याला पुरेसा आधार मिळाला नाही. आम्ही ध्वनिमुद्रण वापरले ते मुलगा 'श्रवणवाला' आहे म्हणून नव्हे, तर त्याच्या वाचनात अडथळा आहे म्हणून. चित्रांचा उपयोग सगळ्यांनाच होतो.

गणितातली गोष्ट निराळी. मराठीत 'छत्तीस' म्हणताना आधी सहा ऐकू येतो, मग तीस. लिहायचे मात्र आधी तीन. हा मुलगा दहावीतही घाईत ३६ चे ६३ करतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यानामांची जोड वाचने दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागचे कारण शांतपणे समजावून सांगितले होते. त्या वादात भाषेच्या अभिमानाबद्दल पुष्कळ बोलले गेले, पण 'छत्तीस' ऐकून ६३ लिहिणाऱ्या मुलाबद्दल फारसे नाही. आम्ही त्याला चौकटीची वही दिली, एका चौकटीत एक अंक. आणि उदाहरणे सोडवण्याऐवजी आधी सोडवलेली उदाहरणे दिली. जॉन स्वेलर आणि ग्रॅहॅम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितात दाखवले होते की नवशिक्याला नुसती उदाहरणे घालण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणे अभ्यासायला दिली तर तो लवकर शिकतो. म्हणून पहिले उदाहरण पूर्ण सोडवलेले, दुसऱ्यात शेवटची पायरी रिकामी, तिसऱ्यात शेवटच्या दोन, असे करत करत पाचवे पूर्ण त्याचे. भिंगाच्या सूत्रातील धन-ऋण चिन्हे या रीतीने तीन आठवड्यांत बसली.

सवलत वापरणे हेही शिकवावे लागते

महाराष्ट्रात अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय १९९६ सालचा. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. माधुरी कुलकर्णी, डॉ. सुनील करंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांचा पाठपुरावा केला, आणि सवलती मिळाल्यावर शालान्त परीक्षेतील गुण सुधारतात असे त्यांना आढळले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश एकवीस प्रकारांत केला, आणि २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी दर तासाला किमान वीस मिनिटे वाढीव वेळ ठरवून दिला. सवलतींची नेमकी यादी आणि अर्जाची मुदत परिपत्रकांनुसार बदलते; मुख्याध्यापकांनी चालू वर्षाचे परिपत्रक जूनमध्येच पाहावे. डिसेंबरात धावपळ करणाऱ्या पालकांचे हाल मी पाहिले आहेत.

'मग इतर मुलांवर अन्याय नाही का?' हा प्रश्न प्रत्येक शिक्षक-कक्षात निघतो, आणि तो रास्त आहे. १९९१ साली रन्यन यांनी कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांवर याचा प्रयोग केला. ठरलेल्या वेळेत अध्ययन अक्षम विद्यार्थी आकलनात बरेच मागे पडले. वेळ वाढवून दिल्यावर ते इतरांच्या बरोबरीला आले. इतरांना वाढीव वेळेने विशेष फरक पडला नाही, कारण त्यांचे आधीच झाले होते. नंतरच्या अभ्यासांत इतरांनाही थोडा फायदा होताना दिसला आहे, परंतु अध्ययन अक्षम मुलांना होतो तो जास्त. ही शर्यत लेखनाच्या वेगाची नसून विज्ञानाची असेल, तर अडथळा काढणे म्हणजे झुकते माप देणे नव्हे.

मात्र सवलत कागदावर असणे वेगळे आणि वापरता येणे वेगळे. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असतो. जुलैमध्ये आम्ही नववीतल्या त्याच्या चुलत बहिणीला समोर बसवून पहिला सराव घेतला. तो फसला. हा म्हणे, "ते किरण असं येतं ना, मग इकडून जातं," आणि हात हवेत फिरवी. ती बिचारी काय लिहिणार? पूर्ण वाक्यात, तिच्या लिहिण्याच्या गतीने, 'नवा मुद्दा', 'पूर्णविराम' असे सांगत उत्तर देणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. ते पंधरा-वीस सरावांनी येते. सभागृहात पहिल्याच दिवशी अनोळखी लेखनिकापुढे बसवलेले मूल अर्धा तास त्यातच घालवते आणि मग आपण म्हणतो, सवलत देऊनही काही झाले नाही!

वाढीव वेळेचेही तसेच. दोन तासांच्या पेपरला चाळीस मिनिटे जास्त मिळाली तर ती कोठे खर्च करायची हे आधी ठरवून ठेवावे लागते. आम्ही अशी वाटणी केली: सुरुवातीला दहा मिनिटे प्रश्नपत्रिका बोट ठेवून दोनदा वाचायची आणि 'नाही', 'सोडून', 'चुकीचे' या शब्दांभोवती पेन्सिलीने गोल करायचा. मध्ये दोनदा तीन-तीन मिनिटे डोळे मिटून बसायचे, कारण हा मुलगा वाचनाने खरोखर थकतो. शेवटी वीस मिनिटे लेखनिकाकडून उत्तरे परत वाचून घ्यायची. मधली उरलेली वेळ कठीण प्रश्नांना.

सगळ्याच सवलती घ्याव्यात असे मात्र मला वाटत नाही. बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित घेण्याची सोय काही मुलांसाठी वरदान असते. त्यांना ती जरूर मिळावी. परंतु ती घेतली की पुढे गणित लागणाऱ्या शाखांची वाट अवघड होते. आमच्या मुलाची अडचण अंक लिहिण्यात आहे, तर्कात नाही. त्याला यंत्रांची आवड आहे, अभियांत्रिकी पदविका करायची आहे. म्हणून त्याने गणित ठेवले. हा निर्णय मुलाला समोर बसवून, त्याची अडचण नेमकी कशात आहे ते पाहून व्हावा. काही ठिकाणी निकालाच्या टक्क्याची काळजी म्हणून शाळाच परस्पर ठरवते. ते मला मान्य नाही.

सहामाहीला त्याला विज्ञानाच्या पहिल्या भागात चाळीसपैकी एकोणीस मिळाले, नुकत्याच झालेल्या पूर्वपरीक्षेत तेवीस. एका मुलावरून नियम सिद्ध होत नाही. शिवाय या काळात लेखनिक, ध्वनिमुद्रण, चिठ्ठ्या, झोप असे सगळेच एकदम बदलले, त्यामुळे गुण कशाने वाढले हे मी शास्त्रज्ञ म्हणून सांगू शकत नाही. एक मोजणी मात्र आम्ही नीट ठेवली आहे. इतिहासाचे सहा धडे एकाआड एक विभागले: तीन नुसते ऐकून, तीन ऐकून-आठवून. दहा दिवसांनी तोंडी प्रश्न विचारले. ऐकून-आठवलेले तीनही धडे वरचढ ठरले. कोणत्याही शिक्षकाला एका वहीत अशी नोंद ठेवता येईल, आणि आपल्या मुलाला काय लागू पडते ते दुसऱ्या कोणाच्या निबंधापेक्षा त्या वहीतून अधिक कळेल.

इंग्रजीचे अजून जमलेले नाही. मराठीत निदान लिहिले तसे वाचता येते. इंग्रजीत एकाच अक्षराचे तीन-तीन उच्चार आणि एकाच उच्चाराची चार-चार स्पेलिंगे. २००१ मध्ये पाउलेसू आणि सहकाऱ्यांनी इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी वाचकांची तुलना केली, तेव्हा मेंदूतला दोष तिन्ही भाषांत सारखाच दिसला. पण नियमित लेखनाच्या इटालियनमध्ये वाचनाच्या चुका कमी होत होत्या. आमचा मुलगा मराठी परिच्छेद आता अडखळत का होईना पुरा करतो, इंग्रजीचा पाहिला की खांदे पडतात. शब्दांच्या चिठ्ठ्यांची चौथी पेटी केली आहे, तिच्यातून फारशा चिठ्ठ्या पुढे सरकत नाहीत. परीक्षा तोंडावर आहे. सध्या रोज संध्याकाळी सातला तो आणि त्याची चुलत बहीण आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतात. काल तो तिला भिंगांवरचे उत्तर सांगत होता आणि तिने लिहिता लिहिता विचारले, "दादा, पण मसूर का?" त्याने कंपासपेटी उघडली.